तुपात उगाळलेली मुळी

आत्या, आधी एक चूक दुरुस्त करते. तीन वर्षांपूर्वी मला जालन्यात नोकरी लागली, तेव्हा याच वहीत तुला एक पत्र लिहिलं होतं. त्यात मी लिहिलंय की त्या रविवारी तू तापानं फणफणली होतीस, तुला उठवत नव्हतं, म्हणून काकूंच्या डोळ्यात औषध घालायला तू मला सांगितलंस. ताप होता, हे खरं आहे. तू सांगितलंस, हे खरं नाही. तू नेमकं उलटं सांगितलं होतंस. शनिवारी दिवेलागणीला गोदडीतून तोंड बाहेर काढून तू म्हणालीस, "उद्या कुणालाच घालायचं न्हाई. कोणी आलंच तर दारातनंच हात जोड आन् परत पाठीव." मी हो म्हटलं. पत्र लिहिताना खोटं लिहायचं असं मी ठरवलं नव्हतं. लिहिता लिहिता वाक्य तसं झालं, आणि नंतर दोन-तीनदा वाचल्यावर मलाच ते खरं वाटायला लागलं. तुला जाऊन बारा वर्षं झाली. ते पत्र कुणी वाचणार नव्हतं, तरी त्यात मी स्वतःला सोडवून घेतलं आणि तुला अडकवलं. ती ओळ मी खोडलेली नाही. तिच्यासमोर समासात आजची तारीख घालून 'चूक' असं लिहिलं आहे.

तुझं औषध घालणं मला अजून पायरी-पायरीनं आठवतं, कारण माझी पहिली शाळा तीच होती. दम्यामुळं मला आठव्या वर्षापर्यंत कुणी गावातल्या शाळेत धाडलं नाही. तू चौथी शिकलेली. परातीत पीठ पसरून त्यात बोटानं अक्षरं काढून दाखवायचीस, आणि अक्षरं झाली की झाडं. बांधाच्या कडेला जमिनीला चिकटून पसरलेली, तांबूस देठांची, बारीक गुलाबी फुलांची वेल दाखवून तू म्हणालीस, ही घेटुळी, वैद्य हिला पुनर्नवा म्हणतात, आणि हे नाव घराबाहेर सांगायचं नाही, सांगितलं की गुण जातो. शनिवारी संध्याकाळी तिला हळदकुंकू आणि अक्षता वाहून निमंत्रण द्यायचं. रविवारी उजाडायच्या आत मुळी उकरायची, सात पाण्यांनी धुवायची, सहाणेवर उगाळायची आणि तांब्याच्या सळईनं डोळ्यात घालायची. उरलेली मुळी त्याच दिवशी टाकून द्यायची. कशात उगाळायची हे तू माझ्याकडून पाढ्यासारखं म्हणवून घ्यायचीस. खाज असली की दूध, पाणी गळत असलं की मध, फूल पडलं की तूप. फूल म्हणजे बुबुळावरचा पांढरा ठिपका, हे मला 'ज्ञ' शिकायच्या आधी माहीत होतं. आणि सगळ्यात मोठा नियम मुकेपणाचा. डोळा दाखवायला येणाऱ्यानं रविवारी झोपेतून उठल्यापासून औषध पडेपर्यंत कुणाशी एक शब्द बोलायचा नाही, आणि घालणाऱ्यानंही नाही. म्हणून जे विचारायचं ते तू शनिवारी संध्याकाळीच विचारून घ्यायचीस. कधीपासून आहे, उजेड सहन होतो का, आणि शेवटी, डोळ्याला काही लागलं का. लागलं म्हटलं की तू तिथंच हात जोडायचीस. "लागलेला डोळा आपला न्हाई. दवाखान्यात जा, जल्दी जा." शनिवारी जो आला नाही, त्याला रविवारी औषध नाही. हा नियम मला पंधराव्या वर्षी पाठ होता. हे लिहून ठेवते, म्हणजे मला माहीत नव्हतं असं पुढं कधी मी लिहिणार नाही.

काकू शनिवारी आल्या नव्हत्या. आपल्या भावकीतल्या, दोन घरं सोडून राहणाऱ्या, दिवसभर शेतात असणाऱ्या. रविवारी झुंजुमुंजू होताना त्या अंगणात येऊन उभ्या राहतात, पदरानं उजवा डोळा झाकलेला. मी दार उघडते. त्या काही बोलत नाहीत, मीही नाही. आत तू घोरते आहेस, तापात घोरायचीस तसं. मला हात जोडायचे आहेत. हात जोडायला मी पुढं होते आणि काकू पदर बाजूला करून डोळा माझ्यापुढं धरतात. डोळा लालभडक, आणि बुबुळावर ज्वारीच्या दाण्याएवढा पांढरा ठिपका. माझ्या मनात पहिला शब्द आला तो 'तूप'. मला उत्तर येत होतं, आत्या. वर्गात उत्तर येणाऱ्या पोरीचा हात वर जातो तसा माझा हात गेला. ताजी मुळी नव्हती. मागच्या रविवारचा एक तुकडा डब्यात राहिला होता, तुझ्या तापाच्या गडबडीत टाकायचा राहिलेला. मी तो फ्रॉकला पुसला आणि तुपात उगाळला. त्यावर काही पांढुरकं आलं होतं का, ते मला आठवत नाही. आठवत नाही, की आठवायचं नाही, हे मला आजही ठरवता येत नाही. सळई घालताना काकूंनी दोन्ही हातांनी काहीतरी खूण केली, एका हाताचं बोट पात्यासारखं डोळ्याजवळून ओढलं. मला वाटलं, फार दुखतंय असं सांगतात. मी मान हलवली. एक प्रश्न विचारला असता तर मुकेपणा मोडला असता, आणि मुकेपणा मोडला की गुण गेला असता. सगळे नियम मोडून मी तेवढा एक पाळला.

पुढचे आठ दिवस काकूंनी डोळ्याला दुसरं काही लावलं नाही, कारण दोन रविवारांच्या मध्ये दुसरं औषध चालत नाही, हेही आपलंच. घरी त्यांना सगळे दवाखान्यात चल म्हणत होते. दुसऱ्या रविवारी तू बरी होऊन अंगणात बसलेलीस. काकू आल्या तशा तू त्यांची हनुवटी उजेडाकडं वळवलीस आणि मुकेपणा तूच मोडलास. "लागलं व्हतं का काही?" काकू दचकल्या. मग म्हणाल्या, "त्या गुरुवारी उसाचं पातं लागल्तं. गुरांना वाढं काढताना. पोरीला खुणेनं सांगितलं ना मी." तू माझ्याकडं पाहिलंस. दवाखान्यात न्यायला जीप मिळेपर्यंत काकूंना भूक लागेल म्हणून स्वयंपाकघरात भाकरी थापायला बसलीस आणि मी चुलीला जळण सारत होते, तेव्हा पिठातून हात न काढता विचारलंस, "मी काय सांगितल्तं?" मी म्हटलं, "परत पाठीव म्हणून." "मंग?" मी जळण आणखी आत सारलं. "मंग का घातलं?" "फूल दिसलं म्हणून," मी म्हटलं. तू थापायची थांबलीस. "फूल बघितलंस. बाई बघितली न्हाईस." एवढंच. पहिली भाकरी उतरली ती तू नेहमीप्रमाणं माझ्या ताटात टाकलीस. ती मी खाल्ली. दुसरं कुणी असतं तर घास उतरला नसता, असं वाटतं. मी अख्खी खाल्ली.

जालन्याच्या दवाखान्यात मीही होते, डबा धरून. डॉक्टरांनी डोळ्यात थेंब टाकून, खरवडून काचेवर घेतलं, आत जाऊन बघून आले आणि म्हणाले, बुरशी आहे, फार उशीर झाला. मग त्यांनी विचारलं, "मावशी, खरं सांगा, काही पाला-बिला घातला होता का? दूध, मध, तूप, काहीही?" काकू म्हणाल्या, "न्हाई साहेब. देवाशपथ न्हाई." नाव सांगितलं की गुण जातो, हे त्यांनाही माहीत होतं, आणि तेव्हाही त्यांना गुण येण्याची आशा होती. डॉक्टरांनी तुझ्याकडं पाहिलं. तू भिंतीवरच्या तक्त्यातली अक्षरं वाचत होतीस, मोठी, मग लहान, मग आणखी लहान. मी डब्याची कडी उघड-बंद करत होते. दीड महिना खेपा झाल्या. डोळा आधी पांढरा झाला, मग बसला.

शेवटच्या खेपांच्या सुमारास एकदा मी हापशावर पाणी भरत होते, आणि शेजारच्या एकीनं सरळ तोंडावर विचारलं, "का गं, तुझ्या आत्याच्या हातानं गेला म्हणतेत तिचा डोळा?" मी घागर उचलता उचलता म्हटलं, "दवाखान्यात नेल्यावर गेला." हे वाक्य खरं आहे. त्यातला एकही शब्द खोटा नाही, आणि त्यामुळंच ते मला इतकं पटकन सुचलं. आठ दिवसांनी ते आपल्या ओट्यावर परत आलं तेव्हा त्याचं असं झालं होतं, की त्या डॉक्टरनं कसले तरी थेंब घातले आणि बाईचा डोळाच घालवला, आपल्या आत्याच्या औषधानं तर बरा होत आल्ता. काकूंनीही ते धरलं. त्यांनाही ते बरं वाटलं असणार, कारण तसं झालं म्हणजे घरातल्या कुणाचंच चुकलं नाही. ओट्यावर ते ऐकताना तू तांदूळ निवडत होतीस. तू खाली घातलेली मान वर केली नाहीस. तू का बोलली नाहीस, हे मी तुला कधी विचारलं नाही. माझ्यासाठी गप्प बसलीस की स्वतःसाठी, हे मला कळलं असतं तर पुढचं काही सोपं झालं असतं का, कोण जाणे.

त्यानंतर तू कुणाच्याच डोळ्याला हात लावला नाहीस. लोक यायचे आणि तू आतूनच सांगायचीस, इद्या गेली. सळई माझ्याकडं येईल असं मला लहानपणापासून वाटायचं. तू ती विहिरीत टाकलीस, आणि मला तुझ्या दोन जुन्या लुगड्यांची गोदडी शिवून दिलीस, बारीक टाक्यांची, बारावीला शहरात जाताना थंडी वाजेल म्हणून. मी गेल्यावर दोन महिन्यांनी तू गेलीस.

मी आता डोळ्यांच्या एका दवाखान्यातल्या औषधाच्या दुकानात बसते. थेंबाची बाटली देताना तिच्यावर पेनानं तारीख घालून देते आणि उघडल्यावर महिन्यानं फेकून द्या म्हणून सांगते. लाल डोळ्यासाठी कुणी चिठ्ठीशिवाय थेंब मागितले की मी आधी विचारते, काही लागलं का, पातं, कुसळ, भुसा? परवा एक जण वैतागून म्हणाला, "ताई, थेंब देता का पंचनामा करता?" मागची माणसं हसली. मीही हसले. पण विचारलंच. कारण इतर दुकानांतून असे थेंब सहज मिळतात, ज्यांनी लाली दोन दिवसांत जाते, माणूस खूश होतो आणि आत बुरशी वाढत राहते. म्हणजे डोळा घालवायला मुळीच लागते असं नाही. हे मी तुझी किंवा माझी बाजू घेण्यासाठी लिहीत नाही. मला नीट लिहायचं आहे. पुनर्नवा विष नाही. शेजारच्या आयुर्वेदाच्या दुकानात तिची बाटली उघड्यावर ठेवलेली असते, नाव मोठ्या अक्षरांत छापलेलं, आणि मी ती रोज येता-जाता बघते. ज्यांची खाज, ज्यांची धुळीची लाली तुझ्या औषधानं गेली, ती खरंच गेली. त्यातली किती आपोआप गेली असती, हे मला माहीत नाही, आणि तुलाही माहीत नव्हतं. सहाण, तूप, बोटं, सळई, यातलं काहीच डोळ्यात घालण्याइतकं स्वच्छ नसतं, सात पाण्यांनी धुतलं तरी. तुला वाचवत होती ती मुळी नव्हे, तुझा शनिवारचा प्रश्न. मी मुळी शिकले आणि तो सोडला.

आता जे झालंय ते सांगते. काकूंच्या दुसऱ्या डोळ्याला मोतीबिंदू झालाय. त्यांच्या सुनेचा, वहिनीचा फोन आला. "तुमच्या काकूंनी काल चहात मीठ घालून पेलं, आन् वर मलाच म्हणत्यात, साखर बदलली का गं बाई?" वहिनी हसत होती, मग हसायची थांबली. त्यांना उंबरा दिसत नाही, दोनदा पडल्या. मुलगा दवाखान्यात चल म्हणतो तर पायात वहाण घालायलाच तयार नाहीत. मग फोन काकूंनी घेतला. "एक डोळा त्या कसायाला देऊन बसले, आता दुसरा नेऊन देऊ व्हय? तुझ्या आत्याच्या औषधानं आल्ता बरा होत. तूच घातल्तं ना, माय. तुझा हात मला आठवतो, थंडगार. आता तर तू शिकलेली, औषधाच्याच दुकानात बसतीस. ये एखाद्या रविवारी. तूप मी घरचं कढवून ठिवलंय." मी म्हटलं, "काकू, मोतीबिंदू मुळीनं जात नाही." त्या म्हणाल्या, "दवाखान्यात राहून तूबी त्यांच्यासारखीच बोलायला लागलीस." मी म्हटलं, "बघते." "बघते म्हणणारे कधी येत न्हाईत," त्या म्हणाल्या, "ज्याला दिसतं त्यानं तरी बघते म्हणू नये." आणि स्वतःच्याच बोलण्यावर खूप हसल्या. फोन ठेवताना म्हणाल्या, तू नाही आलीस तर आष्टीकडं एक जण मोतीबिंदूला रुईचा चीक घालतो म्हणे, पुढच्या रविवारी कुणाची तरी गाडी जाणार आहे, तिच्यातून जाईन.

रुईचा चीक, आत्या. तू आम्हाला त्या झाडाचं पान तोडून हात न धुता डोळे चोळायचे नाहीत म्हणून मारलं होतंस.

मी आमच्या डॉक्टरांना विचारलं, ओळखीच्या एक बाई आहेत, एकच डोळा आहे, असं म्हणून. ते म्हणाले, एकच आहे तर लवकर आणा, फार पिकला तर आत दाब वाढेल. मी विचारलं, ऑपरेशन करून दिसेलच ना? ते म्हणाले, बहुतेकांना दिसतं, पण एकच डोळा असताना मी कुणाला हमी देत नाही. तेव्हापासून ते वाक्य माझ्या पोटात आहे. समजा मी सगळं सांगितलं, काकूंनी माझं ऐकलं, आणि तो डोळाही गेला. मग दोन्ही माझ्या हातून. आणि नाही सांगितलं, तर येत्या रविवारी त्या आष्टीला जातील, आणि तोही माझ्याच हातून, कारण दवाखान्यानं डोळा घालवला हे वाक्य माझं आहे. त्यांना दवाखान्याची भीती मी दिली, अगदी खऱ्या शब्दांत.

फोनवर सांगता येणार नाही. त्यांचा फोन घरात सगळ्यांमध्ये मोठ्या आवाजात चालू असतो आणि मी पुन्हा एखादं छोटं, खरं वाक्य बोलून मोकळी होईन. समोर बसून सांगायचं आहे. आत्यानं मला तुम्हाला परत पाठवायला सांगितलं होतं. तुम्ही खूण केलीत ती मी समजून घेतली नाही. शिळी मुळी होती. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मी तिथं होते आणि गप्प बसले. डोळा पात्यानं आणि आमच्या आठ दिवसांनी गेला, त्या माणसानं नाही. हे ऐकून त्या मला घराबाहेर काढतील, नाहीतर काहीच न बोलता बसतील, त्याची मला जास्त भीती वाटते. आणि तुझ्याबद्दल गावात जे चांगलं बोललं जातं, त्यातलं थोडं जाईल. सगळं जाणार नाही, असं मी सांगायचा प्रयत्न करीन. पण त्यासाठी एकही शब्द कमी सांगणार नाही.

आणखी एक. मागच्या मंगळवारी मी सुट्टी घेऊन गावाकडं, काकूंकडं निघाले होते. अंबडच्या स्टँडवर गाडी थांबली, तिथं उतरले, उसाचा रस प्यायले आणि जालन्याच्या गाडीत बसून परत आले. वहिनीला सांगितलं, पुढची गाडी मिळाली नाही. गाडी समोरच उभी होती, कंडक्टर तीर्थपुरी, तीर्थपुरी म्हणून ओरडत होता. हे पत्रसुद्धा मी काकूंच्या मुलाला लिहायला बसले होते, त्यानं त्यांना वाचून दाखवावं म्हणून. पहिला शब्द लिहिताना हात तुझ्याकडं वळला, कारण तू आता काही विचारणार नाहीस. डॉक्टरांची शनिवारची वेळ मी काकूंच्या नावानं घेतली आहे. त्याच्या आदल्या दिवशी, या शुक्रवारी, सकाळी साडेसातच्या गाडीनं मी जाते आहे.